चोरीला गेलं की हरवलं? कझाकस्तानच्या एका गृहमंत्र्याचा हिशेब

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत नाही ना, ते तुम्हालाच तपासता येईल. एम. ए.च्या प्रबंधासाठी तुम्ही कझाकस्तानचे माजी गृहमंत्री कल्मुखानबेत कासिमोव यांची कारकीर्द निवडली आहे. बऱ्याच ठिकाणी त्यांचा उल्लेख पोलीस सुधारणा राबवणारा मंत्री असा येतो. पण ते मंत्री होण्याच्या आदल्या वर्षी, २०१० मध्ये, देशात साधारण १ लाख ३० हजार गुन्हे नोंदले गेले होते आणि २०१३ मध्ये तोच आकडा साडेतीन लाखांच्या पुढे गेला. शिवाय त्यांच्याच काळात झानाओझेन या गावात पोलिसांनी लोकांवर गोळ्या झाडल्या. तेव्हा ‘यांना सुधारक म्हणायचं तरी कसं, आणि निष्कर्षात काय लिहू?’ असं तुम्ही विचारलंय.

मी काही मध्य आशियाचा प्राध्यापक नाही. महाराष्ट्र पोलिसांत फौजदार म्हणून लागलो आणि एकतीस वर्षांनी उपअधीक्षक म्हणून निवृत्त झालो. पुण्यात पोस्टिंग असताना रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळच्या वर्गाला जाऊन रशियन शिकलो, ती सवय लागली ती लागलीच. भाचा अल्माटीत डॉक्टरकी शिकत होता (आपल्याकडची बरीच मुलं असतात तिथे), त्या निमित्ताने दोनदा जाऊन आलो. तेव्हा हे उत्तर ठाण्यात बसलेल्या माणसाचं आहे, एवढं धरून वाचा.

खरा प्रश्न माझ्या मते ‘सुधारक की दडपशहा’ हा नाही. एकच माणूस दोन्ही असू शकतो, आणि पोलीस खात्यात तर ते सर्रास घडतं. या माणसाच्या काळात पोलिसांच्या रोजच्या कामात नेमकं काय बदललं, आणि ते बदलताना पोलीस कोणाला उत्तर देत होते, हे पाहायला हवं. तुमचं उत्तर काय निघेल ते तुम्ही कुठली फूटपट्टी लावता त्यावर ठरेल. नोंदणीची लावली तर गुण बरे पडतात. गोळीबाराची लावली तर पडत नाहीत. माणूस तोच.

आधी पद समजून घ्या, नाहीतर सगळी तुलना फसते. आपल्याकडे गृहमंत्री म्हणजे निवडून आलेला राजकारणी, आणि त्याच्याखाली पोलीस महासंचालक. कझाकस्तानात गृहमंत्र्याला राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि तो बहुधा स्वतः गणवेशातला अधिकारी असतो. कासिमोव पोलिसांचे कर्नल-जनरल होते. म्हणजे आपले गृहमंत्री आणि महासंचालक एकाच खुर्चीत बसल्यासारखं. त्यांच्या काळात ही खुर्ची आणखी रुंद झाली. तुरुंग काही वर्षं न्याय मंत्रालयाकडे होते, ते २०११ मध्ये परत गृहखात्याकडे आले. २०१४ मध्ये आपत्ती मंत्रालय विसर्जित करून अग्निशमन आणि बचाव दलंही याच खात्यात घातली, ती २०२० मध्ये पुन्हा वेगळी निघाली. अंतर्गत सुरक्षा दलांचं ‘नॅशनल गार्ड’ झालं तेही २०१४ मध्येच, आणि तेही यांच्याच हाताखाली. पकडणारा, कोंडणारा, आग विझवणारा आणि दंगल मोडणारा असे सगळे एकाच माणसाला सलाम करणारे. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळपास नऊपट, वस्ती दोन कोटींच्या आतबाहेर.

माणसाबद्दल फार लिहायला नको. जन्म १९५७ चा, अल्माटी प्रांतातला. नोकरी सगळी पोलिसांत, मंत्री होण्याआधी त्याच खात्यात उपमंत्री. एप्रिल २०११ मध्ये मंत्री झाले आणि फेब्रुवारी २०१९ पर्यंत राहिले. आठ वर्षं हा त्या खुर्चीचा फार मोठा मुक्काम आहे. त्यांच्या आधीच्या दहा वर्षांत सुलेमेनोव, तुरिसबेकोव, मुखामेदझानोव आणि बाइमागानबेतोव असे निदान चार जण तिथे बसून गेले होते. एवढा काळ टिकणाऱ्या पोलिसाला वरच्याचा विश्वास लागतो. इथे वरचा म्हणजे राष्ट्राध्यक्ष नुरसुलतान नझरबायेव. हे नाव बाजूला ठेवून कासिमोव यांच्याबद्दल एक ओळही लिहू नका.

आता तुमच्या आकड्याकडे येतो. सगळं उत्तर खरं तर तिथेच आहे.

मी नवीन फौजदार असताना एका तालुक्याच्या ठाण्यात एक म्हातारी बाई आली. आठवडी बाजारात तिच्या गळ्यातली पोत गेली होती. ठाणे अंमलदारांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि अगदी मायेनं विचारलं, ‘आजी, ओढली का पडली? नीट आठवा.’ आजी गोंधळली. गर्दी होती, धक्का लागला, घरी जाऊन बघते तर पोत नाही. अंमलदारांनी ‘गहाळ’च्या रजिस्टरला नोंद केली, सहीशिक्क्याचा दाखला दिला आणि आजी समाधानानं गेली. गुन्हा दाखल झाला नाही. त्या महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये आमच्या ठाण्याचं कौतुक झालं, जबरी चोऱ्या घटल्या म्हणून. मी तेव्हा गप्प बसलो होतो. खात्यात याला ‘बर्किंग’ म्हणतात. गुन्हा कमी करायचे दोन मार्ग आहेत, एक चोर पकडायचा आणि दुसरा वही उघडायचीच नाही. दुसरा स्वस्त पडतो.

सोव्हिएत पद्धतीच्या पोलिसांत हेच दुखणं जास्त मुरलेलं होतं. तिथे त्याला ‘पालोच्नाया सिस्तेमा’ म्हणतात. पालोच्का म्हणजे काडी. एवढे गुन्हे उघड, एवढे दंड, एवढ्या कारवाया, अशा काड्या महिनाअखेर मोजायच्या आणि त्यावर अधिकाऱ्याचं भलंबुरं ठरवायचं. नाव १९९० च्या दशकात ‘मिलित्सिया’चं ‘पोलीस’ झालं. या बाबतीत पूर्वीच्या सोव्हिएत देशांमध्ये कझाकस्तान आघाडीवरच होता. काड्या मात्र चालूच राहिल्या. अशा ठिकाणी जो गुन्हा उघडकीला येण्यासारखा नाही, तो लिहून कोण घेणार?

म्हणून २०१० चे १ लाख ३० हजार गुन्हे आणि २०१३ चे साडेतीन लाख यांची वजाबाकी करून ‘गुन्हेगारी वाढली’ असं लिहू नका. तीन वर्षांत एखाद्या देशातले चोर जवळजवळ तिप्पट होत नाहीत, तेही लढाई नाही, दुष्काळ नाही अशा वेळी. वाढलेली दिसते ती लिहिण्याची सवय. मंत्रालय स्वतःही त्या वेळी ‘आता आम्ही सगळं नोंदवतो’ असंच सांगत होतं. मंत्रालयाच्या बोलण्यावर मी एरवी इतक्या लवकर विश्वास ठेवत नाही. इथे ठेवतो, कारण गुन्ह्यांची आकडेवारी तिथे पोलीस ठेवत नाहीत. ती प्रॉसिक्युटर जनरलच्या, म्हणजे देशाच्या सर्वोच्च सरकारी अभियोक्त्याच्या, कार्यालयाच्या अखत्यारीतली विधी सांख्यिकी समिती ठेवते. आपल्याकडे गुन्ह्यांचे आकडे ठेवणारी एनसीआरबी गृह मंत्रालयाखाली आहे, त्यामुळे हा फरक आपल्या पटकन ध्यानात येत नाही. ज्याचा हिशेब आहे त्याच्या हातात वही नसणं ही लहान गोष्ट नव्हे.

त्यानंतर आली ती खरी मोठी सुधारणा, १ जानेवारी २०१५ पासूनची. त्या दिवशी नवी दंडसंहिता आणि नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली. जुन्या पद्धतीत तक्रार आली की आधी ‘तपासपूर्व चौकशी’ चालायची आणि मग गुन्हा दाखल करायचा की नाही हे पोलीस ठरवायचे. या मधल्या खिडकीत काय काय होतं हे कुठल्याही पोलिसाला विचारा. तडजोड होते, दबाव येतो, फिर्यादी कंटाळतो आणि कधी पाकीटही सरकतं. नव्या संहितेनं ती खिडकीच बुजवली. तक्रार एका एकत्रित इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत चढली की तपास सुरू झाला असं धरायचं. ही वहीसुद्धा प्रॉसिक्युटरच्या नजरेखाली. आपल्याकडे दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर घेतलाच पाहिजे, असं सुप्रीम कोर्टानं ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये सांगितलं. ठाण्यांत ते किती उतरलं ते तुम्ही आणि मी दोघेही जाणतो. तिथे हीच गोष्ट संगणकात घातली.

पहिल्या वर्षी आकडा आणखी चढला, पावणेचार लाखांच्या वर गेला. पुढे उतरत २०१८ मध्ये तीन लाखांच्या खाली आला. एक खाचखळगा इथे सांगून ठेवतो. नव्या दंडसंहितेनं ‘किरकोळ फौजदारी अपराध’ असा वेगळा वर्ग आणला आणि तोही या आकड्यात मिसळलेला असतो. तेव्हा २०१५ च्या आधीची आणि नंतरची ओळ एकाच आलेखावर सरळ ओढू नका. परीक्षकानं नाही पकडलं तरी मी पकडीन.

हे सगळं श्रेय कासिमोव यांचं का? नाही. संहिता घडवण्यात प्रॉसिक्युटरच्या कार्यालयाचा हात मोठा होता. पण पोलीस मंत्र्यानं मनात आणलं असतं तर अशी नोंदवही खालच्या पातळीवर वर्षभरात मोडून पडली असती. ती पडली नाही. खात्यात असताना मी चांगले आदेश मेलेले पाहिलेत, त्यामुळे त्यांना एवढे गुण मी देतो.

वही कशी चालते ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. भाच्याचा फोन बसमध्ये गेला होता. भागातल्या पोलीस चौकीत गेलो. तिथे ‘उचास्त्कोवी’ बसतो, म्हणजे आपला बीट अंमलदारच समजा. खोलीत एक टेबल, संगणक, कोपऱ्यात चहाची किटली, भिंतीवर भागाचा नकाशा. पोरगा पंचवीस-सव्वीसचा असेल. भाच्याचं ऐकून घेतलं, खुर्ची पुढे ओढली आणि अगदी मायेनं विचारलं, ‘चोरीला गेला की हरवला? नीट आठव.’ मला हसू आवरेना. पाच हजार फुटांवरूनही ओळखला असता तो आवाज! भाचा म्हणाला, खिशातून काढला, चोरीला गेला. पोरानं एक सुस्कारा सोडला आणि टाइप करायला लागला. शेवटी नोंदीचा क्रमांक असलेली पावती हातात दिली. त्याला ‘तालोन’ म्हणतात. ‘गहाळ लिहिलंस तर सोपं पडेल का तुला?’ असं मी माझ्या मोडक्या रशियनमध्ये विचारलं. तो म्हणाला, सोपं पडेल, पण उद्या प्रॉसिक्युटरनं विचारलं तर महागात पडेल. पूर्वी आम्हाला अशा वेळी फक्त साहेबांची भीती असायची. त्याला साहेबांबरोबर आणखी एकाची होती, हा बदल मला मोठा वाटला.

इथवर वाचून तुम्ही ‘सुधारक’ असं पेन्सिलीनं लिहिलं असेल. खोडरबर जवळ ठेवा.

झानाओझेन. कॅस्पियन समुद्राकडच्या मांगिस्तौ प्रांतातलं तेलाचं गाव. मे २०११ पासून तेल कामगार पगारासाठी संपावर होते, शेकडोंना कामावरून काढलं होतं, आणि ते महिनोन्महिने चौकात बसून होते. १६ डिसेंबर २०११ हा स्वातंत्र्याचा विसावा वर्धापनदिन. त्याच चौकात समारंभाचं स्टेज आणि तंबू उभारले. धक्काबुक्की झाली, स्टेज मोडलं, नगरपालिका आणि तेल कंपनीच्या कार्यालयाला आगी लागल्या आणि पोलिसांनी गोळीबार केला. झानाओझेन आणि जवळच्या शेत्पे गावात मिळून किमान १६ माणसं मेली. सरकारची बाजू होती की पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ गोळ्या झाडल्या. मग घरांच्या खिडक्यांतून काढलेलं चित्रीकरण बाहेर आलं. त्यात पोलिसांची रांग पुढे सरकतेय आणि लोक पाठ फिरवून पळताहेत, पडताहेत.

पोलीस म्हणून मी अशा वेळी तीन गोष्टी शोधतो. आदेश कोणाचा, काडतुसांचा हिशेब कुठे, आणि जखमींना उचललं कोणी. आपल्याकडे गोळीबार झाला की एकेका राउंडचा हिशेब द्यावा लागतो, दंडाधिकारीय चौकशी लागते. ती चौकशी दर वेळी प्रामाणिक असते असं मी म्हणणार नाही, पण कागद तयार होतो. झानाओझेनच्या बाबतीत मे २०१२ मध्ये पाच पोलिसांना अधिकाराच्या अतिरेकाबद्दल पाच ते सात वर्षांच्या शिक्षा झाल्या. कोठडीत मारहाण होऊन एका माणसाचा जीव गेला, त्याबद्दल तिथल्या कोठडीप्रमुखालाही शिक्षा झाली. त्या भागातल्या देशांचा विचार करता पोलिसांना शिक्षा होणंच दुर्मीळ, हे मान्य. पण जबाबदारीची शिडी तिथेच थांबली. प्रांताचे आकीम, म्हणजे राज्यपालच म्हणा, कुशेरबायेव यांना जावं लागलं. राष्ट्राध्यक्षांचे जावई तिमूर कुलिबायेव यांना सार्वभौम संपत्ती निधीच्या प्रमुखपदावरून हटवलं. ज्यांच्या माणसांनी गोळ्या झाडल्या ते गृहमंत्री मात्र खुर्चीत राहिले आणि पुढे सात वर्षं राहिले. संपकऱ्यांपैकी अनेकांनाही तुरुंगवास झाला.

तुमच्या प्रबंधातलं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण मला हेच वाटतं. नोंदणीच्या बाबतीत पोलिसांवर बाहेरच्या संस्थेची नजर बसवता आली, कारण राष्ट्राध्यक्षांना ती चालणार होती. बळाच्या वापरावर तशी नजर बसली नाही.

त्यानंतर एक टप्पा ‘शून्य सहनशीलते’चा. डिसेंबर २०१२ मध्ये नझरबायेव यांनी ‘कझाकस्तान–२०५०’ हे धोरण जाहीर केलं, त्यात बारीकसारीक नियमभंगालाही माफी नको असं सांगितलं. कल्पना नव्वदीच्या दशकातल्या न्यूयॉर्कची. रस्त्यात थुंकणं, चुकीच्या जागी रस्ता ओलांडणं, सार्वजनिक ठिकाणी सिगारेट. कासिमोव यांच्या खात्यानं ते उत्साहानं उचललं. यावर मी जास्त लिहीत नाही, कारण पावत्या फाडण्याचं टार्गेट मिळालं की काय होतं हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही दुचाकीवाल्याला पाठ आहे. एवढंच ध्यानात घ्या की एका हातानं काड्यांची पद्धत मोडायची आणि दुसऱ्या हातानं दंडाच्या काड्या मोजायच्या, असं एकाच खात्यात एकाच वेळी चाललं होतं.

त्यापेक्षा रसाचा प्रयोग होता ‘स्थानिक पोलीस सेवे’चा. २०१५ मध्ये नझरबायेव यांनी ‘शंभर पावलं’ जाहीर केली, त्यातलं तिसावं पाऊल हे. १ जानेवारी २०१६ पासून बीट, गस्त, रस्त्यावरची वाहतूक, बालगुन्हेगारी अशी रोजच्या लोकांशी संबंध येणारी कामं स्थानिक पोलिसांकडे दिली. प्रमुखाला आकीम नेमणार, ‘मास्लिखात’ म्हणजे स्थानिक सभागृह संमती देणार, आणि तो लोकांपुढे अहवाल ठेवणार. गंभीर गुन्ह्यांचा तपास मंत्रालयाकडेच. कागदावर हे अगदी आपल्या सुधारणावाल्यांच्या स्वप्नातलं वाटतं.

पण तेव्हा आकीमला कोण नेमायचं? वरून राष्ट्राध्यक्ष. म्हणजे स्थानिक पोलीस लोकांना उत्तर देणार ते अशा माणसामार्फत, ज्याला स्वतःला लोकांना उत्तर द्यायचं नाही. पुन्हा बीटवरच्या पोराला दोन साहेब झाले, एक आकीमकडचा, एक मंत्रालयाचा. माझ्या नोकरीत दोन साहेबांच्या हाताखाली मी फक्त बंदोबस्ताला असायचो, आणि तेव्हाही जेवणाची पाकिटं कोणी द्यायची यावरून संध्याकाळ व्हायची. सुमारे तीन वर्षांत हा प्रयोग गुंडाळला. मंत्रालयानं सगळं परत ओढून घेतलं. याला मी कासिमोव यांचं अपयश म्हणेन का? अर्धं. रचनाच तशी होती. पण प्रामाणिक प्रयोग असता तर एखाद्या शहरात तो नीट राबवून दाखवता आला असता.

याच काळात, म्हणजे २०१६ च्या वसंतात, शेतजमिनीच्या कायद्यावरून निदर्शनं पेटली. २१ मे रोजी ठरलेल्या मोर्चांआधी आणि त्या दिवशी निरनिराळ्या शहरांत शेकडो लोकांना उचललं, त्यात पत्रकारही होते. मग जूनमध्ये अक्तोबेला आणि जुलैमध्ये अल्माटीत सशस्त्र हल्ले झाले, अल्माटीच्या हल्ल्यात पोलीस ठाणंच लक्ष्य होतं. ठाण्याच्या दाराशी सहकारी पडलेला पाहिल्यावर खात्याचा कल सेवेकडे राहत नाही, संरक्षणाकडे जातो. हे समर्थन म्हणून सांगत नाही, पण कारण म्हणून नोंदवा.

आणखी एक निर्णय, २०१७ चा. घरगुती मारहाण बहुतेक वेळा ज्या कलमांत बसते, ती मारहाण आणि किरकोळ दुखापतीची कलमं फौजदारीतून काढून प्रशासकीय अपराधांत टाकली. या निर्णयाच्या बाजूनं सांगितलं गेलं की आधी खाजगी फिर्याद असल्यामुळे बाईलाच पुरावे गोळा करत फिरावं लागायचं, आता पोलीस स्वतः कारवाई करू शकतील. तर्क चुकीचा नव्हता. पण प्रशासकीय अपराध म्हणजे ताकीद, फार तर थोड्या दिवसांची अटक, आणि नवऱ्याला कळून चुकलं की हे प्रकरण गुन्ह्याचं नाही. सल्तनत नुकेनोव्हाच्या खुनानंतर देश हादरला, तेव्हा कुठे एप्रिल २०२४ मध्ये कायदा बदलून ही कलमं पुन्हा फौजदारीत आणली. खून करणारा तिचा नवरा माजी अर्थव्यवस्था मंत्री होता.

आता १९ जुलै २०१८. अल्माटी, भर दुपार. डेनिस तेन, वय २५, सोचीच्या २०१४ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये फिगर स्केटिंगचं कांस्यपदक मिळवलेला, देशाचा लाडका मुलगा. त्याच्या गाडीचे आरसे काढणाऱ्या दोघांना त्यानं हटकलं. त्यांनी मांडीत सुरा खुपसला. रक्तस्रावानं तो रुग्णालयात दगावला. पुढे दोघांना १८-१८ वर्षांची शिक्षा झाली.

आरसे! अल्माटीत गाडीचे आरसे चोरीला जाणं इतकं नेहमीचं होतं की त्याची चीड येण्याचंही लोकांनी सोडून दिलं होतं. चोरलेले आरसे सुट्या भागांच्या बाजारात विकायला येतात, आणि माणूस स्वतःचाच आरसा विकत घेऊन येतो, असं टॅक्सीवाल्यांनी मला हसत सांगितलं होतं. म्हणजे नोंदवही सुधारली होती, पण नोंद झाल्यावर पुढे काय? पावती मिळायची, आरसा मिळायचा नाही. चोर कुठे विकतो हे टॅक्सीवाल्याला ठाऊक असेल तर बीटवरच्या पोलिसाला ठाऊक नसेल असं मला कोणी सांगू नये. आमच्याकडेही चोरीच्या सायकली कुठल्या गल्लीत मिळतात ते ठाण्यातल्या चहावाल्यालासुद्धा माहीत असायचं.

त्या खुनानंतर लोक उसळले ते कासिमोव यांच्या राजीनाम्यासाठी आणि गृहखात्याच्या सुधारणेसाठी. ‘गृह मंत्रालयाच्या सुधारणेची मागणी करतो’ अशा नावाचा नागरिकांचा गट उभा राहिला, त्यांनी स्वतः आराखडा लिहिला. सरकारनं अखेर २०१८ च्या शेवटी तीन वर्षांचा कार्यक्रम मंजूर केला, त्यात मनुष्यबळ कमी करणं, पगार वाढवणं, भरती आणि मूल्यमापन बदलणं, गणवेश बदलणं असं बरंच होतं. थोडक्यात, सात वर्षं सुधारणा चालू असल्याचं सांगणाऱ्या मंत्र्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा पहिल्यापासून सुधारणेचा आराखडा निघाला. कासिमोव यांनी राजीनामा दिला नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये ते मंत्रिपदावरून गेले ते सुरक्षा परिषदेचे सचिव म्हणून. आपल्याकडे याला काय म्हणतात ते लिहीत नाही.

‘त्यांच्यानंतर काय?’ हेही तुम्ही शेवटी विचारलंय. एर्लान तुर्गुम्बायेव आले, तेही खात्यातलेच. जून २०१९ मध्ये निवडणुकीच्या वेळी हजारो निदर्शकांची धरपकड झाली. मग जानेवारी २०२२. गाडीच्या गॅसचे दर वाढले म्हणून सुरुवात झाली ती पुन्हा झानाओझेनमधूनच, आणि चार दिवसांत अल्माटीचं नगरभवन जळत होतं. नझरबायेव यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष तोकायेव यांनी इशारा न देता गोळ्या घालायचे आदेश दिल्याचं जाहीर केलं. सरकारी आकड्यानुसार २३८ जण मेले. पकडलेल्या काही जणांचा छळानं मृत्यू झाल्याचं सरकारलाही मान्य करावं लागलं. फेब्रुवारीत तुर्गुम्बायेव गेले आणि भ्रष्टाचारविरोधी संस्थेचे प्रमुख मारात अख्मेतझानोव आले. १ जानेवारी २०२३ पासून छळाच्या तक्रारींचा तपास पोलिसांकडून काढून फक्त प्रॉसिक्युटरकडे दिला. कासिमोव यांच्या काळात चोरीच्या नोंदीबाबत जे केलं, तेच आठ वर्षांनी कोठडीतल्या मारहाणीबाबत करावं लागलं.

म्हणून निष्कर्षाबद्दल माझा सल्ला. ‘सुधारक होते का’ हे शीर्षक बदला. आठ वर्षांतले निर्णय घ्या: नोंदवही, तुरुंग, दंड, स्थानिक पोलीस, गोळीबार, घरगुती हिंसा. प्रत्येकापुढे तीन रकाने करा: तो निर्णय कोणाच्या दबावानं झाला, त्यावर पोलिसांबाहेरच्या कोणाची नजर होती, आणि मंत्री गेल्यावर तो टिकला का. माझ्या अंदाजानं नोंदवहीची ओळ तेवढी तिन्ही रकान्यांत बरी भरेल. आपल्याकडच्या पोलीस सुधारणांवरच्या प्रकाश सिंग निकालाशी (२००६) किंवा महाराष्ट्र पोलीस कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीशी तुलना करायची असेल तर याच रकान्यांनी करा, व्यक्तीशी नको. रशियन येत नसेल तर वर्षवार आकड्यांचे सरकारी तक्ते वाचण्यापुरते पंधरा-वीस शब्द मी लिहून पाठवतो. पहिला शब्द ‘नोंदलेले’ आणि दुसरा ‘उघड झालेले’. या दोन रकान्यांची गल्लत करू नका, माझ्या पहिल्या क्राइम मीटिंगमध्ये मी केली होती.